शेलएक्सव्ह्यू परीक्षण: एक्सप्लोरर हँग होतो म्हणून फॉरमॅट मारण्याआधी

पीसी चालू आहे, ब्राउझर नीट चालतोय, टायपिंगला अडचण नाही. पण एखाद्या फाइलवर राइट क्लिक केलं की निळं वर्तुळ फिरत राहतं, विंडो पांढुरकी पडते आणि वरच्या पट्टीवर 'नॉट रिस्पॉन्डिंग' उमटतं. पाठोपाठ टास्कबारही दाद देईनासा होतो. मशीन दुकानात नेलं की बहुतेक वेळा एकच सल्ला मिळतो: फॉरमॅट मारून घ्या. त्यात एक दिवस जातो, सगळी सॉफ्टवेअर पुन्हा टाकावी लागतात आणि बहुतेकदा त्यांच्याचसोबत मूळ दुखणंही परत येतं. कारण एक्सप्लोरर अडकतो त्यातल्या बऱ्याच वेळा विंडोज बिघडलेलं नसतं, त्यात शिरलेलं दुसऱ्याचं काहीतरी अडलेलं असतं.

फोल्डरच्या विंडो, डेस्कटॉप आणि टास्कबार हे तिन्ही एक्सप्लोरर डॉट ईएक्सई ही एकच प्रोसेस सांभाळते. या प्रोसेसमध्ये मायक्रोसॉफ्टच्या कोडबरोबर इतर कंपन्यांचा कोडही चालतो. झिप करणारं सॉफ्टवेअर, पीडीएफ रीडर, अँटिव्हायरस, ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर, क्लाउड स्टोरेज, डिझाइनची मोठी पॅकेजेस, यांतलं जवळपास प्रत्येक जण इन्स्टॉल होताना स्वतःच्या एक-दोन डीएलएल फाइल (दुसऱ्या प्रोग्रामने उचलून वापरायचे कोडचे तुकडे) एक्सप्लोररला जोडून जातं. राइट क्लिकच्या मेनूत येणारी जादा ओळ, आयकॉनच्या कोपऱ्यातली हिरवी टिक, फाइलचं छोटं चित्र, हे सगळं त्यांचं काम. यांना शेल एक्स्टेन्शन म्हणतात. राइट क्लिकचं एक्स्टेन्शन एक्सप्लोररच्याच थ्रेडवर, म्हणजे त्याच्या कामाच्या त्याच रांगेत चालतं, त्यामुळे ते कशाची वाट पाहत बसलं की एक्सप्लोररलाही बसावं लागतं. एखाद्या विंडोने ५ सेकंद विंडोजच्या संदेशांना उत्तर दिलं नाही, की विंडोज तिला हँग समजतं आणि पांढरी छटा चढवतं.

या सगळ्या एक्स्टेन्शनची यादी दाखवून, हवं ते एका कळीने बंद-चालू करू देणारं टूल म्हणजे नीरसॉफ्टचं शेलएक्सव्ह्यू. नीर सोफर या प्रोग्रामरने लिहिलेलं, फुकट आणि इन्स्टॉल न करता चालणारं. झिप एक एमबीचीही नाही. टूल जुनं आहे आणि दिसतंही जुनंच, पण विंडोज १० आणि ११ वर हे काम करायला आमची पहिली पसंती यालाच आहे. त्याच्या मर्यादाही नेमक्या आहेत. त्या माहीत नसतील तर माणूस तासभर एक्स्टेन्शन बंद-चालू करत बसतो आणि दुखणं भलतीकडेच असतं.

आधी कधी अडकतं ते पाहा

टूल उघडायच्या आधी दोन मिनिटं लक्षणांवर घालवा. एक्सप्लोरर कोणत्या क्षणी अडकतो, यावरून अर्धं निदान होतं.

राइट क्लिक केल्यावरच अडकत असेल तर संशय कॉन्टेक्स्ट मेनू, म्हणजे राइट क्लिकच्या मेनूत ओळी घालणाऱ्या प्रकारच्या एक्स्टेन्शनवर घ्यायचा. इथे शेलएक्सव्ह्यू सगळ्यात कामाचं. फाइलवर राइट क्लिक केल्यावर अडकतं पण फोल्डरवर नाही, किंवा उलट, असं असेल तर यादी आणखी आखडते. डेस्कटॉपच्या मोकळ्या जागेवर राइट क्लिक केल्यावरच वेळ लागत असेल तर ग्राफिक्स ड्रायव्हरने तिथे घातलेली ओळ आधी तपासा.

फोल्डर उघडताच, काहीही न निवडता अडकत असेल तर आयकॉन ओव्हरले (आयकॉनच्या कोपऱ्यातली खूण), थंबनेल (फाइलचं छोटं चित्र) किंवा फोल्डरचा प्रकार. फाइलवर नुसतं एकदा क्लिक करून ती निवडल्यावर अडकत असेल तर प्रिव्ह्यू पेन, म्हणजे फाइल न उघडता आतला मजकूर दाखवणारी बाजूची पट्टी. ऑल्ट-पी दाबून तो बंद करा; त्रास थांबला तर दोषी सापडला, बहुधा पीडीएफ किंवा व्हिडिओचा प्रिव्ह्यू दाखवणारं सॉफ्टवेअर.

एक्सप्लोररची विंडो उघडतानाच अडकत असेल आणि एकदा उघडल्यावर सगळं सुरळीत असेल, तर ते बहुधा क्विक अ‍ॅक्सेस (अलीकडच्या फाइल-फोल्डरची यादी) किंवा नेटवर्क ड्राइव्ह (दुसऱ्या पीसीवरचा जोडलेला फोल्डर). एकाच ठरावीक ड्राइव्हवर गेल्यावर अडकत असेल तर हार्ड डिस्क. या शेवटच्या दोन दुखण्यांवर शेलएक्सव्ह्यूचा काडीचा उपयोग नाही.

आणखी एक लक्षण लोक सोडून देतात: एक्सप्लोरर ठीक, पण एखाद्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये 'सेव्ह अ‍ॅज' दाबलं की ते हँग होतं. फाइल उघडण्या-साठवण्याची ती चौकट म्हणजे त्या सॉफ्टवेअरच्या आत उघडलेला छोटा एक्सप्लोररच असतो, तीही शेल एक्स्टेन्शन लोड करते. सॉफ्टवेअर ३२-बिट असेल तर ३२-बिट एक्स्टेन्शन. ६४-बिट शेलएक्सव्ह्यू उघडून त्या यादीत कितीही शोधलं तरी ते मिळत नाही.

डाउनलोड करताना

नीरसॉफ्टच्या साइटवर त्याच पानावर ३२-बिट आणि ६४-बिट अशा दोन वेगळ्या झिप असतात. आजच्या बहुतेक मशीनना ६४-बिट लागते. वर सांगितलेल्या 'सेव्ह अ‍ॅज'च्या दुखण्यासाठी ३२-बिट एक्स्टेन्शन पाहायची असतात. त्याकरिता टूल 'वॉव६४' हा पर्याय देऊन सुरू करायची सोय आहे. टूल मूळ साइटवरूनच घ्या. दुसऱ्या डाउनलोड साइटवरच्या प्रतींसोबत नको ती सॉफ्टवेअर येण्याची भीती असते. नीरसॉफ्टच्या काही टूल्सवर अँटिव्हायरस लाल खूण करतं, कारण साठवलेले पासवर्ड काढून दाखवणारी टूल्सही त्याच साइटवर आहेत. शेलएक्सव्ह्यू त्या जातीचं नाही.

झिप सोडवून फाइल सी ड्राइव्हवर छोट्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवा, उदाहरणार्थ 'टूल्स'. याला कारण आहे. एक्स्टेन्शन बंद करायला टूल अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवावं लागतं, आणि त्याचा नेहमीचा रस्ता राइट क्लिकमधून जातो. इथे तर राइट क्लिकच अडकतंय! मग कंट्रोल-शिफ्ट-एस्केपने टास्क मॅनेजर उघडा, 'रन न्यू टास्क' घ्या, खालच्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह प्रिव्हिलेजेसच्या चौकोनात टिक करा आणि फाइलचा पूर्ण पत्ता हाताने टाइप करा. 'ब्राउझ' दाबू नका, कारण ती चौकटही तीच एक्स्टेन्शन लोड करते आणि टास्क मॅनेजरही त्यांच्यासोबत अडकतो. पत्ता छोटा ठेवायचा तो यासाठीच.

यादी कशी वाचायची

टूल उघडताच काही सेकंदांत दोन-तीनशे ओळींची यादी येते. पहिल्यांदा पाहणारा घाबरतो. घाबरायचं कारण नाही, कारण यातल्या बहुसंख्य ओळी मायक्रोसॉफ्टच्या आहेत आणि त्यांना हात लावायचा नाही. ऑप्शन्स मेनूतून 'हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट एक्स्टेन्शन्स' निवडा; साध्या घरगुती पीसीवर वीस-तीस ओळी उरतात. न लपवताही ओळखता येतं, कारण मायक्रोसॉफ्टबाहेरच्या ओळी गुलाबी रंगात दिसतात. हा एक रंग हे या टूलचं मोठं बलस्थान आहे.

'टाइप' या कॉलमवर क्लिक करून क्रम लावा. कॉन्टेक्स्ट मेनू, आयकॉन ओव्हरले हँडलर, प्रॉपर्टी शीट, थंबनेल, प्रिव्ह्यू असे गट आपोआप एकत्र येतात, आणि लक्षणावरून ज्या गटावर संशय आहे तोच समोर ठेवता येतो. मग कंपनी, व्हर्जन आणि फाइलचं नाव हे कॉलम नीट वाचा. कंपनीचं नावच नाही, व्हर्जन खूप जुनी आहे, किंवा मूळ सॉफ्टवेअर कधीच काढून टाकलंय तरी त्याची ओळ तशीच आहे, अशा ओळी आधी पकडायच्या.

आयकॉन ओव्हरलेबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण फोल्डर उघडायला लागणारा वेळ अनेकदा इथे असतो. कोपऱ्यातली टिक किंवा ढगाची खूण दाखवायची की नाही, हे एक्सप्लोरर समोर दिसणाऱ्या प्रत्येक फाइलसाठी या हँडलरना विचारतो. लग्नाच्या फोटोंच्या फोल्डरमध्ये चार हजार फाइल असतील तर ती विचारपूस किती वेळा होत असेल, याचा अंदाज करा. त्यात विंडोज एकूण १५ ओव्हरलेच वापरतं आणि त्यातले काही त्याचे स्वतःचे. क्लाउड सेवा आणि कोडच्या आवृत्त्या सांभाळणारी सॉफ्टवेअर या जागांसाठी आपसात झगडतात. वर्णानुक्रमात पुढे यावं म्हणून काही जण रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात) नावाआधी मोकळ्या जागा घालून ठेवतात. एकाच मशीनवर तीन क्लाउड सेवा असतील तर वापरात नसलेल्यांचे ओव्हरले बिनदिक्कत बंद करा. फाइल सिंक होणं त्याने थांबत नाही, फक्त खूण दिसत नाही.

प्रत्यक्ष शोध

सुरुवातीला सिस्टिम रिस्टोअर पॉइंट घ्या, म्हणजे काही बिघडलं तर विंडोज आजच्या स्थितीला परत नेता येतं. मग कंट्रोल-ए ने सगळ्या ओळी निवडून कंट्रोल-एस ने यादी टेक्स्ट फाइलमध्ये साठवा. कोणतं एक्स्टेन्शन मूळचं चालू होतं आणि कोणतं आधीपासून बंद, याची नोंद राहते. चालू असलेली फाइल कॉपी संपू द्या, कारण कॉपीचं कामही एक्सप्लोररच्याच प्रोसेसमध्ये होतं आणि रिस्टार्ट केलं की ती मध्येच तुटते.

आता मायक्रोसॉफ्टबाहेरची सगळी निवडून एफ७ दाबा. 'डिसेबल्ड' कॉलममध्ये 'येस' येईल. ऑप्शन्स मेनूतल्या 'रिस्टार्ट एक्सप्लोरर'ने, किंवा टास्क मॅनेजरमध्ये 'विंडोज एक्सप्लोरर' निवडून 'रिस्टार्ट'ने तो पुन्हा सुरू करा. हा टप्पा वगळू नका. आधीच लोड झालेली डीएलएल एफ७ ने बाहेर जात नाही. एक्सप्लोरर नव्याने सुरू झाला तरच बदल लागू होतो. लोक इथेच चुकतात आणि 'टूलने काही झालं नाही' म्हणून सोडून देतात. 'सेव्ह अ‍ॅज'चं दुखणं असेल तर ते सॉफ्टवेअरही बंद करून उघडा.

आता राइट क्लिक करून पाहा. तरीही अडकत असेल तर एक्स्टेन्शनचा मुद्दा जवळजवळ संपला. एफ८ ने सगळी पुन्हा चालू करा आणि पुढचे भाग वाचा. अडकणं थांबलं असेल तर दोषी या यादीत आहे. आता निम्मी चालू करा, रिस्टार्ट, चाचणी. अडकलं तर दोषी चालू केलेल्या निम्म्यांत, नाहीतर बंद असलेल्यांत. २४ एक्स्टेन्शन असतील तर १२, ६, ३ असं करत पाच फेऱ्यांत एकावर येता येतं. फेरीला तीन मिनिटं धरली तरी पाव तासाचं काम.

अर्धं-अर्धं करण्याची ही रीत एका ठिकाणी फसवते: दोन एक्स्टेन्शन एकमेकांशी भिडत असतील आणि एकेकटी निर्दोष असतील तेव्हा. दोन्ही निम्मे वेगवेगळे चालतात, एकत्र केले की अडकतं, असं दिसलं तर हेच झालंय. मग सगळी बंद करून एकेक चालू करत जा. वेळ लागतो, पण दुसरा खात्रीचा मार्ग नाही. हा त्रास बहुधा एकाच कामाच्या दोन सॉफ्टवेअरमध्ये आढळतो. दोन अँटिव्हायरस किंवा दोन कोडेक पॅक (व्हिडिओ-ऑडिओ चालवायला लागणारे संच) एका मशीनवर ठेवूच नयेत.

दोषी सापडल्यावर लगेच समाधान मानू नका. त्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती टाकून एक्स्टेन्शन पुन्हा चालू करून पाहा. बऱ्याचदा जुनी डीएलएल आणि नवं विंडोज यांचं न जुळणं एवढंच कारण असतं. नव्या आवृत्तीतही अडकत असेल तर ते बंद ठेवा. सॉफ्टवेअर त्याच्या स्वतःच्या आयकॉनवरून चालत राहतं, फक्त राइट क्लिकमधली त्याची ओळ जाते.

जे या टूलला दिसत नाही

राइट क्लिकच्या मेनूतल्या सगळ्याच ओळी डीएलएलमधून येत नाहीत. काही नुसत्या रजिस्ट्रीतल्या नोंदी असतात आणि त्या शेलएक्सव्ह्यूच्या यादीत येत नाहीत. त्यांच्यासाठी नीरसॉफ्टचंच शेलमेनूव्ह्यू हे वेगळं टूल आहे. अशा नोंदींमुळे हँग होणं विरळा, पण नको असलेली ओळ शोधूनही सापडत नाही तेव्हा उत्तर तिथे असतं. विंडोज ११ चा नवा आखूड मेनू आणि 'शो मोअर ऑप्शन्स'मागचा जुना मेनू हे दोन वेगळे आहेत. दुखणं दुसऱ्यातच असेल, म्हणजे शिफ्ट-एफ१० दाबल्यावरच अडकत असेल, तर दोषी जुन्या पद्धतीच्या एक्स्टेन्शनमध्ये शोधा.

नेटवर्क हा त्याहून मोठा मुद्दा आहे, विशेषतः लहान ऑफिसात. एका पीसीवर हिशेबाचा डेटा, तो फोल्डर बाकीच्यांच्या मशीनवर झेड ड्राइव्ह म्हणून जोडलेला, ही मांडणी सर्रास दिसते. तो मुख्य पीसी बंद असला किंवा राउटरने त्याचा आयपी पत्ता बदलला, की बाकीच्या मशीनवर 'धिस पीसी' उघडताच एक्सप्लोरर त्या ड्राइव्हच्या उत्तराची वाट पाहतो. जोडणीचा एक प्रयत्न सोडून द्यायलाच साधारण वीस सेकंद जातात आणि प्रयत्न एकापेक्षा जास्त होतात. उपाय साधा आहे: वापरात नसलेला ड्राइव्ह 'डिसकनेक्ट' करा, डेटा असलेल्या पीसीला राउटरमधून कायमचा पत्ता राखून द्या. डेस्कटॉपवरचे शॉर्टकटही तपासा. ज्या शॉर्टकटचा आयकॉन किंवा लक्ष्य बंद पडलेल्या मशीनवर आहे, असा एकच शॉर्टकट पूर्ण डेस्कटॉप अडवू शकतो.

क्विक अ‍ॅक्सेसचंही तेच. त्यात अलीकडे उघडलेल्या फाइल आणि वारंवार वापरलेले फोल्डर असतात, त्यात एखादा काढून टाकलेल्या पेन ड्राइव्हचा किंवा नेटवर्कचा असतो. फोल्डर ऑप्शन्स उघडा, जनरल टॅबमध्ये 'ओपन फाइल एक्सप्लोरर टू' इथे 'धिस पीसी' निवडा, खालच्या प्रायव्हसी भागात 'क्लिअर' दाबा आणि दोन्ही टिक काढा. एवढ्याने फरक पडला नाही तर आत पिन करून ठेवलेले जुने फोल्डर एकेक अनपिन करा.

फक्त डाउनलोड्स फोल्डर उघडताना पत्त्याच्या पट्टीत हिरवी रेघ सरकत राहत असेल तर त्या फोल्डरचा प्रकार पाहा. विंडोज आतल्या फाइल पाहून तो 'पिक्चर्स' किंवा 'व्हिडिओज' ठरवतं आणि मग प्रत्येक फाइल उघडून तिची लांबी, तारीख, कॅमेऱ्याची माहिती वाचत बसतं. प्रॉपर्टीज, कस्टमाइझ, 'ऑप्टिमाइझ धिस फोल्डर फॉर' इथे 'जनरल आयटम्स' करा आणि खालच्या सबफोल्डरच्या चौकोनात टिक द्या. फोटो स्टुडिओ आणि डीटीपीच्या मशीनवर हा एक बदल मोठा फरक पाडतो. तिथे फोल्डर ऑप्शन्सच्या व्ह्यू टॅबमध्ये 'ऑलवेज शो आयकॉन्स, नेव्हर थंबनेल्स' लावून एकदा चाचणी घ्या. तेवढ्याने फोल्डर पटकन उघडू लागला तर थंबनेल बनवणारं एक्स्टेन्शन किंवा एखादी अर्धवट डाउनलोड झालेली व्हिडिओ फाइल कारण आहे. थंबनेलचं काम विंडोज बहुतेक वेळा 'सीओएम सरोगेट' या वेगळ्या प्रोसेसमध्ये करतं, त्यामुळे तिथला बिघाड पूर्ण एक्सप्लोरर पाडत नाही. पण छोटी चित्रं येत नाहीत आणि टास्क मॅनेजरमध्ये ती प्रोसेस प्रोसेसर खात बसलेली दिसते.

आता सगळ्यात गंभीर शक्यता. एकाच ड्राइव्हवर गेल्यावर अडकतं, आणि अडकलेलं असताना टास्क मॅनेजरमध्ये त्या डिस्कचा वापर १०० टक्के पण वाचन-लेखनाचा वेग नगण्य, असं चित्र असेल तर हार्ड डिस्क दगा देतेय. क्रिस्टलडिस्कइन्फो या फुकट टूलमध्ये ०५ रिअलोकेटेड सेक्टर, सी५ करंट पेंडिंग सेक्टर आणि सी६ अनकरेक्टेबल सेक्टर या तीन ओळी पाहा. सी५ मध्ये शून्याऐवजी आकडा असला तर दुसरं काहीही करण्याआधी डेटा बाहेर काढा. डिस्क तपासणारी, दुरुस्त करणारी साधनं आत्ता चालवू नका. मरणाऱ्या डिस्कवर ती लांबलचक वाचन करतात आणि उरलेला वेळ त्यात जातो. फक्त सी७, म्हणजे सीआरसी एररचा आकडा वाढत असेल तर डिस्कऐवजी साटा केबल बदला, दुखणं बहुतेकदा तिथे संपतं. बाहेरची यूएसबी हार्ड डिस्क थोडा वेळ न वापरल्यावर पहिल्यांदा उघडताना चार-पाच सेकंद थांबते, ते मात्र आजार नाही. झोपलेली डिस्क फिरू लागायला तेवढा वेळ घेतेच.

विंडोजच्या स्वतःच्या फाइल तपासायच्या असतील तर विंडोजच्याच दुरुस्तीच्या दोन आज्ञा आहेत; आधी डिझम आणि मग एसएफसी, हा क्रम ठेवा. पहिलं दुरुस्तीचा साठा नीट करतं, दुसरं त्यातून फाइल बदलतं. उलट क्रमाने केलं तर एसएफसी खराब साठ्यातून दुरुस्ती करायला जातं. पण हे पहिलं पाऊल नव्हे.

ऑटोरन्स आणि बाकीचे

शेलएक्सव्ह्यूचा खरा प्रतिस्पर्धी मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातलं ऑटोरन्स. त्याच्या 'एक्सप्लोरर' टॅबमध्ये शेल एक्स्टेन्शन दिसतात आणि टिक काढली की बंद होतात. दोन बाबतीत ते वरचढ आहे: डीएलएलवरची डिजिटल सही तपासून देतं, आणि जिची फाइलच डिस्कवर उरली नाही अशी नोंद पिवळ्या रंगात दाखवतं. व्हायरसचा संशय असेल तर ऑटोरन्सच घ्या. पण प्रकारानुसार क्रम लावणं, एफ७-एफ८ ने पटापट बंद-चालू करणं आणि तिथूनच एक्सप्लोरर रिस्टार्ट करणं यात शेलएक्सव्ह्यू हाताला जास्त सुटसुटीत. निम्मं-निम्मं करून शोधायचं तेव्हा हा सुटसुटीतपणाच महत्त्वाचा ठरतो.

शेलएक्सव्ह्यूची मुख्य उणीव अशी की ते यादी देतं, दोषीकडे बोट दाखवत नाही. एक्सप्लोरर अडकलेला असतानाच सुगावा हवा असेल तर टास्क मॅनेजरच्या 'डिटेल्स' टॅबमध्ये एक्सप्लोररच्या ओळीवर राइट क्लिक करून 'अ‍ॅनलाइझ वेट चेन' पाहा. तो दुसऱ्या एखाद्या प्रोसेसच्या उत्तरासाठी थांबला असेल तर तिचं नाव तिथे येतं. आणखी खोलात जायचं तर सिसइंटर्नल्सचं प्रोसेस एक्सप्लोरर: एक्सप्लोररवर डबल क्लिक, 'थ्रेड्स' टॅब, आणि अडकलेल्या थ्रेडचा 'स्टॅक'. त्या रांगेत मायक्रोसॉफ्टची नसलेली डीएलएल दिसली की निम्मं-निम्मं करायचीही गरज उरत नाही. अडकणं दिवसातून एखाद्या वेळीच होत असेल आणि समोर बसून पकडता येत नसेल तर सिसइंटर्नल्सचंच प्रॉकडंप हे टूल लावून ठेवा. विंडो हँग होताच ते मेमरीची नोंद फाइलमध्ये टाकतं.

हँग आणि क्रॅश यांत गल्लत करू नका. एक्सप्लोरर आपोआप बंद होऊन पुन्हा उघडत असेल तर तो क्रॅश. स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' टाइप करून रिलायबिलिटी हिस्टरी उघडा. लाल फुलीच्या तपशिलात 'फॉल्ट मॉड्यूल नेम' असं लिहिलेलं सापडतं. ते नाव शेलएक्सव्ह्यूच्या फाइलनेम कॉलममध्ये शोधा, काम एका मिनिटात होतं. तिथे एनटीडीएलएल असं विंडोजच्याच एका फाइलचं नाव दिसलं म्हणून विंडोज खराब असं ठरवू नका. कोसळणं तिथे झालं, मेमरी आधी दुसऱ्याच कुणी बिघडवलेली असू शकते. हँगच्या नोंदीत असं मॉड्यूलचं नाव येत नाही, म्हणून तिथे वरची मेहनत लागते.

दुसरा फाइल मॅनेजर वापरून सुटका होते का? टोटल कमांडर किंवा डबल कमांडर घेतलं तर नेटवर्क आणि क्विक अ‍ॅक्सेसचा त्रास बराच टळतो. पण त्यांच्यातही विंडोजचा राइट क्लिक मेनू उघडला की तीच एक्स्टेन्शन लोड होतात आणि तेही तसंच अडकतं. दोषी तसाच ठेवून फाइल मॅनेजर बदलू नका.

शोध चालू असेपर्यंत एक सेटिंग जरूर लावा: फोल्डर ऑप्शन्सच्या व्ह्यू टॅबमधलं 'लाँच फोल्डर विंडोज इन अ सेपरेट प्रोसेस'. फोल्डरची विंडो वेगळ्या प्रोसेसमध्ये चालते, त्यामुळे ती अडकली तरी टास्कबार हाताशी राहतो आणि तेवढीच विंडो बंद करता येते. मेमरी थोडी जास्त लागते. ८ जीबी रॅमच्या मशीनला ते जाणवू नये.

शेलएक्सव्ह्यू पेन ड्राइव्हवर दोन्ही आवृत्त्यांत ठेवावं असं टूल आहे. राइट क्लिक आणि ओव्हरलेच्या दुखण्यावर ते अचूक, थंबनेल-प्रिव्ह्यूवर उपयोगी, बाकी ठिकाणी निरुपयोगी. दुसऱ्यांचे पीसी दुरुस्त करणाऱ्यांनी ग्राहकाचं मशीन फॉरमॅट करण्याआधी ही पाच फेऱ्यांची चाचणी केलीच पाहिजे. समोरच्याचा डेटा आणि दिवस दोन्ही वाचतात. आणि एक्स्टेन्शन सापडलं की ज्या कंपनीचं ते आहे तिला जरूर कळवा: डीएलएलचं नाव, तिची व्हर्जन, विंडोजचा बिल्ड क्रमांक आणि कोणत्या प्रकारच्या फाइलवर अडकतं ते. शेलएक्सव्ह्यूमधली ती ओळ निवडून कंट्रोल-सी केली की यातला निम्मा मजकूर तयारच मिळतो.